कडप्प्यावरचा पांढरा थर

आमच्या लातूरच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा मी नवा करून घेतला, त्याला आता चार वर्षं होतील. काम दोन दिवसांचं होतं आणि कामात खोट काढायला जागा नाही. मिस्त्री नेटका होता, दगड उत्तम होता. अजूनही घरी कुणी बाई आली की ओट्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "किती छान झालंय हो." मी "हो" म्हणते आणि चहाचं आधण ठेवते. त्या ओट्यापायी माझ्या आईचं काय झालं, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं घर तसं साधं. वडील कचेरीत कारकून, आई घरात, मी एकुलती एक. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं इथे सांगायची गरज नाही. शाळेत गणित शिकवता शिकवता मी निवृत्त झाले आणि जन्मभर आईजवळच राहिले.

भूकंप झाला तेव्हा मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. तोवर आई जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. समोर स्टोव्ह, शेजारी परात, पाठीशी पाण्याची घागर. पाटावर एकदा मांडी घातली की सगळं उरकूनच उठायची. त्या पहाटे मांडणीवरची भांडी एकदम खाली आली. आधी वाटलं, मांजर शिरलं. मग भिंतीच हलायला लागल्या. वडिलांनी आम्हा दोघींना दंडाला धरून अंगणात ओढलं. आमच्या गल्लीत कुणी दगावलं नाही. आमच्या घराला दोन भेगा गेल्या, एवढंच.

पण आईची धाकटी बहीण तेरणेच्या काठच्या एका गावात दिलेली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी त्या गावातली सगळीच घरं.

आईला तिथं पोचायला तिसरा दिवस उजाडला. वडील बरोबर होते, मी नव्हते. पुढचं मला वडिलांनी सांगितलं. तोवर अंत्यसंस्कारही होऊन गेले होते. मावशी, तिचा नवरा, सासू, कुणीच राहिलं नव्हतं. आईला निदान बहिणीचं घर बघायचं होतं. पण गल्ली कुठून सुरू होते तेच कळेना. सगळीकडे सारखेच ढिगारे. आई एकेका ढिगाऱ्यापाशी जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "हे न्हाई... हे बी न्हाई." शेवटी गावातल्याच एका म्हाताऱ्याने एका ढिगाकडे हात केला आणि आई तिथं बसली. "तो म्हातारा खरं सांगत होता की तिला कुठंतरी बसता यावं म्हणून बोलला, देव जाणे," असं वडील म्हणाले होते.

परत आल्यावर आई स्वयंपाकघरात जाईना. भेगा बुजवल्या, चुना दिला, तरी नाही. अंगणात दोन पत्रे टाकून तिथंच तिने स्टोव्ह मांडला. धक्के अधूनमधून चालूच होते. पावसात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की बाजूला बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. पण आई हलली नाही. वर्ष उलटून गेल्यावर वडिलांनी एक दिवस तिला विचारलं, "बाई, तुझं म्हणणं तरी काय? काय केलं म्हणजे आत येशील?"

आईने जणू कधीचंच ठरवून ठेवलं होतं. म्हणाली, "खाली बसले की उठाया येळ लागतो. मला उभ्यानं करायचं हाय. अन् दार हाताशी पायजे."

मग स्वयंपाकघराची मागची भिंत फोडून तिथं दार काढलं आणि दारालगत ओटा बांधला. वर काळा कडप्पा. आमच्या गल्लीतला तो बहुतेक पहिला उभा ओटा असेल. शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या. आई ओट्याशी उभी राहायची तेव्हा तिच्या डाव्या हाताला दार असायचं आणि ते दिवसभर उघडं असायचं. थंडी असो, धूळ असो, दार लावलेलं तिला चालायचं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी वडील गेले. त्याच सुमाराला लातुरात डॉक्टर-इंजिनिअर व्हायच्या क्लासेसचं पेव फुटलं. दहावी झाली की पोरं मराठवाडाभरातून इकडे यायला लागली. आमच्या गल्लीत ज्यांनी त्यांनी वर खोल्या चढवल्या, दारावर "मुलींसाठी जागा मिळेल" अशा पाट्या लागल्या. पहाटे पाचपासून सायकली. शिरूर अनंतपाळकडून आलेल्या एका बाईने आईला विचारलं, "माझी लेक वरच्या गल्लीत राहती. तिला दोन घास तुमच्याकडं मिळतील का?" आई हो म्हणाली. त्या लेकीने मैत्रीण आणली, मैत्रिणीने आणखी दोघी. वर्षभरात आमच्या घरात मुलींची मेस सुरू झाली. बोर्ड कधी लावला नाही.

आई भाकरी थेट ओट्यावर थापायची. परात नाही, काटवट नाही. कडप्प्यावर ज्वारीचं पीठ पसरायचं, त्यावर गोळा ठेवायचा आणि तळहाताने गोल फिरवत न्यायचं. दोन वेळा वीस-बावीस मुली जेवायच्या. उन्हाळ्याच्या सुट्या सोडल्या तर त्यात खंड नाही. थापून थापून ओट्याची ती जागा इतकी गुळगुळीत झाली होती की डोळे मिटून हात फिरवला तरी कळायची. तवा उतरवून ती उजव्या हाताला त्याच दगडावर ठेवायची. तिथं कडप्पा करडा पडला होता. परीक्षेच्या दिवसांत मुली जेवताना पुस्तक समोर ठेवायच्या, तेव्हा आई ओट्यापासूनच ओरडायची, "आधी ताटात बघा गं! इस्तरी फिरवल्यावाणी गिळून नका राहू!" इस्त्रीचा आणि गिळण्याचा काय संबंध, ते आम्हाला कधी कळलं नाही. मुली हसायच्या आणि पुस्तक मिटायच्या.

निकालाच्या दिवशी आईला भीती वाटायची. पेढे घेऊन येणाऱ्या मुलींची तिला काळजी नव्हती. ज्या येत नसत त्यांच्या खोलीवर ती स्वतः डबा घेऊन जायची. मुरूडची एक मुलगी दोन दिवस खोलीचं दार उघडत नव्हती. आई जिन्यावर बसून राहिली. "उघडू नको. म्या हितंच बसते. भाकर गार झाली तर माझा दोष न्हाई," असं म्हणत तासभर बसली, तेव्हा दार उघडलं. ती मुलगी डॉक्टर झाली नाही. तिच्या लग्नाची पत्रिका मात्र आली आणि आई लग्नाला गेली.

आईची सत्तरी जवळ आली तेव्हा मी मेस बंद करायला लावली. पुढं तिचं विसरणं सुरू झालं, तेव्हा मनात आलं की मेस बंद केली नसती तर बरं झालं असतं का. पण असं काही वाटून उपयोग नसतो. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग अजिबात पडेना. शेजारणीचं नाव जायचं. मग एक दिवस ती भाजी आणायला गेली आणि गंजगोलाईच्या बाजारात तासभर नुसती उभी राहिली. एका रिक्षावाल्याने तिला ओळखलं आणि घरी आणून सोडलं.

मी तिला नांदेडला नेलं. आमच्या मेसमध्ये दोन वर्षं जेवलेली एक मुलगी तिथं मेंदूच्या आजारांची डॉक्टर आहे. आईला तिने वाकून नमस्कार केला. आईने तिला ओळखलं नाही, पण तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "लई वाळलीस." डॉक्टर एकदम खिडकीकडे वळली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "ताई, हे वाढत जाणार. थांबवता येत नाही. पण काकूंना त्यांच्या सवयीच्या जागी राहू द्या. घरातल्या वस्तूंची जागा बदलू नका. डोक्याला आठवलं नाही तरी हाताला आठवतं."

मी ते मनापासून पाळलं. डबे जिथल्या तिथं ठेवले. तिचा झारा, तिचं उलथनं, चहाची गाळणी, सगळं त्याच खिळ्याला. आणि डॉक्टर म्हणाली ते खरं होतं. आईला आज कुठला वार ते सांगता यायचं नाही, पण ओट्याशी उभं केलं की तिचे हात चालायचे. पीठ मळायची, भाकरी थापायची, फुगवायची. गॅस मी सांभाळायचे. दिवसातला तो अर्धा तास ती पूर्वीसारखी असायची. मी सांगेन ते ऐकायची, उलट बोलायची, हसायचीसुद्धा.

मग ओटा का बदललास, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला रोज विचारते.

सिंकजवळ कडप्प्याला तडा गेला होता. पाणी खाली झिरपायचं, कपाटात बुरशी धरायची, झुरळं काही केल्या जात नसत. पण खरं कारण वेगळं होतं. आईची नजर अधू झाली होती. काळ्या दगडावर काळा तवा ठेवलेला तिला दिसला नाही आणि तिने त्यावर हात टेकवला. तळहाताला मोठा फोड आला. मलम लावताना ती लहान मुलीसारखी माझ्याकडे बघत होती. मी ठरवलं, ओटा उजळ रंगाचा करायचा, म्हणजे तिला वस्तू दिसतील.

ओटा फोडायचा माझा विचार नव्हता. घणाचे घाव, कोसळणारा दगड, धूळ, हे सगळं आईच्या समोर नको होतं. चौकशी करताना एका फरशीच्या दुकानात कळलं की जुन्या ओट्यावर क्वार्ट्झची पातळ लादी बसवता येते. मिस्त्री घरी आला, ओट्यावर पट्टी लावून मापं घेतली, तड्यावर नख फिरवून बघितलं.

"म्याडम, तोडफोड काहीच न्हाई," तो म्हणाला. "खालचा कडप्पा हाय तसाच ऱ्हातो. घासून साफ करायचा, तडा भरायचा, वरून लादी चिकटवायची. कारखान्यात दगडाचा चुरा दाबून बनवत्यात ही. डाग पडत न्हाई, पाणी पीत न्हाई. तुमचं सामान बी जागचं हलवावं लागणार न्हाई."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी होकार दिला. जागा बदलू नका, असं डॉक्टर म्हणाली होती. इथे तर काहीच बदलत नव्हतं. फक्त वरून एक थर. पांढऱ्या रंगावर बारीक करड्या रेषा असलेला नमुना मी निवडला. आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बरंय." ती त्या दिवसांत सगळ्यालाच बरंय म्हणायची.

काम चालू असताना मी तिला पुढच्या खोलीत बसवलं. जेवण बाहेरून मागवलं. मशीनचा आवाज झाला तेव्हा ती दचकली, मी तिचा हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीने ओटा पुसून स्वच्छ केला, कडा तपासल्या आणि जाताना बजावलं, "एक ध्यानात ठेवा, गरम तवा डायरेक्ट ठेवू नका. डाग जळून बसला तर निघत न्हाई. लाकडी पाट ठेवा खाली." ओट्यावर बल्बचा उजेड पडला होता. मला खूप समाधान वाटलं. मी आईला हाताला धरून आत आणलं.

ती उंबऱ्यावर थांबली. ओट्याकडे बघत राहिली. मग पदर खोचला, पुढं झाली आणि पदराच्या टोकाने ओटा पुसायला लागली. पुसला, हात फिरवला, पुन्हा पुसला.

"आई, काय करतेस?"

"पाणी सांडलंय."

"पाणी नाही गं. दगड चमकतोय."

"ओलं हाय समदं," ती म्हणाली आणि पुसतच राहिली.

पुढचे दोन-तीन दिवस हेच चाललं. मी म्हटलं, होईल सवय. चौथ्या दिवशी तिला भाकरीला उभं केलं. तिने सवयीने पीठ पसरलं, गोळा ठेवला, तळहात फिरवायला सुरुवात केली. आणि थांबली. पांढऱ्या दगडावर पांढरं पीठ आणि पांढरी भाकरी. भाकरीची कड कुठं संपते ते तिला दिसेना. काळ्या दगडावर तवा दिसत नव्हता खरा, पण भाकरी दिसत होती. इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने बोटांनी चाचपून कड शोधायचा प्रयत्न केला. गोळा त्या गुळगुळीत लादीवर सरकून जात होता. भाकरी एका बाजूने जाड, एका बाजूने फाटलेली झाली. तिने ती गोळा करून पुन्हा मळली. असं तीनदा झालं.

"राहू दे आई, मी करते," मी म्हणाले.

ती बाजूला झाली. मी थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकली, नीट भाजली. मग तवा उचलला आणि उजव्या हाताला, नेहमीच्या जागी ठेवायला नेला.

"आई! तिथं नको!" मी ओरडले आणि तिचं मनगट धरलं. तव्याची कड ओट्याला लागली. करपल्याचा वास आला. पाट अजून आणायचा राहिला होता. मी तवा हिसकावून गॅसवर ठेवला आणि ओला फडका घेऊन तो डाग घासायला लागले. पिवळट चंद्रकोर उमटली होती. घासता घासता मी काहीतरी पुटपुटलेही असेन. नवीन वस्तूला पहिला डाग लागल्यावर माणूस बोलतो तसं.

मागून आईचा आवाज आला. "चुकलं बाई. तुमचा ओटा खराब केला म्या."

मी वळून बघितलं. ती दोन्ही हात एकमेकांत धरून उभी होती. पाहुणी उभी राहते तशी, भिंतीला चिकटून.

"तुमचा काय? आपला आहे हा ओटा. आई, मी आहे."

"तुमी चांगल्या हाव," ती म्हणाली. "पण आता म्या घरी जाते. येळ झाला."

जन्मभर तिने मला अगं, बाई, पोरी म्हणून हाक मारली. रागावली की नावाने. तुम्ही असं तिने मला कधीच म्हटलं नव्हतं. मी खाली फरशीवर बसले. मला रडताना बघून ती जवळ आली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नगा. म्या भरून दीन."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात आली नाही. बाहेरून वळसा घालून अंगणात जायची आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहायची. आत बोलावलं की विचारायची, "आपलं घर पडलं का गं?" कधी मला ओळखून विचारायची, कधी परकी समजून. मी सांगायचे, पडलं नाही, हेच आपलं घर. तिला ते पटायचं नाही. "हे सरकारनं दिल्यालं घर हाय. आपल्या घरात काळा दगड होता." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आपली धाकली कुठं हाय?"

पहिल्यांदा तिने हे विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. मावशी गेली, भूकंपात गेली. आईने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. गल्लीतली माणसं धावत आली. घंटाभराने ती शांत झाली, डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं, "धाकली कुठं हाय?" मी म्हणाले, "शेतात गेलीय. येईल." मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. त्यानंतर मी रोज तेच खोटं सांगत आले.

मी नांदेडला फोन केला. झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "ताई, चकचकीत जागा या माणसांना पाण्यासारखी दिसते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं." तिने दोष स्वतःकडे घेतला. मी तिला म्हणाले, तू जागा बदलू नका म्हणाली होतीस, अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

मग मी मिस्त्रीला बोलावलं आणि म्हटलं, ही लादी काढून टाका. त्याला आधी वाटलं, कामाबद्दल तक्रार आहे. मी कारण सांगितलं तेव्हा तो मागच्या दारातून आईकडे बघत उभा राहिला. मग ओट्याची कड खालून चाचपली, पातळ पटाशी घालून बघितली. "म्याडम, हे दोन्ही दगड आता एक झालेत. वरचा उपटला तर खालचा बी तुकडे होऊन सोबत येणार. जुना ओटा काय परत यायचा न्हाई." तो गेला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. मोटारसायकलवर मागे पोत्यात गुंडाळून कडप्प्याचा एक तुकडा आणला होता, पोळपाटाच्या दुप्पट असेल. कुणाचा तरी जुना ओटा फोडला त्यातला. कडा त्याने घासून गोल करून आणल्या होत्या. "आज्जीला देऊन बघा," म्हणाला. चहासुद्धा घेतला नाही.

मी अंगणात टेबल मांडलं, त्यावर तो तुकडा ठेवला. शेजारी एका बाजूला शेगडी. आईला पायरीवरून उठवून टेबलाशी उभं केलं आणि मळलेल्या पिठाचा गोळा तिच्या हातात दिला. तिने दगडावरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. मग पीठ पसरलं. भाकरी गोल होत गेली, कड सारखी, मध्ये पातळ. तिने ती उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

एकामागून एक तिने अकरा भाकरी केल्या. मी थांब म्हणाले नाही. शेवटची भाकरी टोपलीत टाकून तिने गल्लीच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "पोरींना हाक मार की. कवाच्या उपाशी असतील."

मी फाटकापाशी गेले. समोर क्लासला जाणाऱ्या मुलींचा घोळका चालला होता, अनोळखी, कानात तारा घातलेल्या, आमच्या घराकडे न बघणाऱ्या. हाक मारायला तोंड उघडेना. मी परत आले आणि म्हणाले, "जेवून गेल्या आई. छान झाल्या होत्या म्हणाल्या."

"कंची कंची आली होती?"

मी आठवतील तितक्या जुन्या मुलींची नावं सांगितली. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती.

असं दीड-एक महिना चाललं. रोज नाही, कधी चार दिवसांतून एकदा. मग हातही विसरले. गोळा हातात दिला की ती तो नुसता धरून बसायची. पावसाळ्यात अंगणातलं टेबल आत घेतलं. आई पुढच्या खोलीत पलंगावर असायची. दार उघडं ठेवायला सांगायची, ते मात्र शेवटपर्यंत विसरली नाही. संक्रांत झाल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. दुपारची वेळ होती, मी तिच्याजवळच बसले होते. त्रास झाला नाही.

दहाव्याला नांदेडहून डॉक्टर आली. एसटीने आली होती, हातात पिशवी होती. जेवणं झाल्यावर ती आत आली, आम्ही दोघीच होतो. मी तिला विचारलं, "खरं सांग. ओटा केला नसता तर आई आणखी काही दिवस माझी राहिली असती का?"

ती म्हणाली, "काही महिने, कदाचित. आजार थांबला नसता, ताई. पण काही महिने मिळाले असते."

"बरं झालं, खरं बोललीस."

"तुम्ही त्यांना भाजू नये म्हणून केलंत."

"हो," मी म्हणाले. "ते खरंच आहे."

एवढ्यावर आम्ही थांबलो. तिने खरकटी ताटं गोळा करायला घेतली. मी नको म्हणत होते तरी तिने सिंकपाशी उभं राहून सगळी भांडी घासली, एकेक पुसून पालथी घातली, आणि संध्याकाळच्या गाडीने नांदेडला परत गेली.